रिंगखालची कर्णधार

मागच्या अंकात कबड्डीच्या संघनिवडीवर लिहिताना मी ओघात म्हटलं होतं, की कर्णधार कशी निवडावी हे मला लिझ एलिस नावाच्या ऑस्ट्रेलियन नेटबॉलपटूला बघून कळलं, आणि तेही शाळेतून निवृत्त व्हायला सात-आठ वर्षं उरलेली असताना. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं पान नेटबॉललाच देऊन टाकते. क्रिकेटवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा.

आमची मुलगी नववीत आहे, उंची पाच फूट आठ इंच. सरांनी तिचं नाव नेटबॉलसाठी घातलंय. शेजारी म्हणतात, हा तर मुलींचा बास्केटबॉल. खरं काय? (एक आई, लातूर)

ताई, तुमचे शेजारी इतिहासात पास, मैदानावर नापास.

इतिहासात पास अशासाठी, की 1890च्या दशकात इंग्लंडमध्ये हा खेळ बास्केटबॉलमधूनच निघाला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर 1970पर्यंत त्याला ‘विमेन्स बास्केटबॉल’च म्हणत. पण आज तुमची मुलगी बास्केटबॉलची सवय घेऊन नेटबॉलच्या कोर्टवर उतरली, तर पहिल्या मिनिटात तीन शिट्ट्या खाईल. चेंडू आपटत पळायचं नाही. हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. ज्या पायावर उतरलीस तो पाय उचलता येतो, पण परत टेकायच्या आत चेंडू हातातून सुटला पाहिजे. रिंग जमिनीपासून 3.05 मीटरवर, म्हणजे बास्केटबॉलइतकीच उंच, पण मागे फळी नाही. नुसता खांब आणि कडं. फळीवर आपटून आत घालायची सोय नसल्यामुळे चेंडू वरून, अलगद सोडावा लागतो.

आणि खरी गंमत छातीवरच्या अक्षरांची. सात जणी, सात जागा, प्रत्येकीच्या बिबवर जागेची अक्षरं. कोर्ट 30.5 मीटर लांब, त्याचे तीन सारखे भाग, आणि कुणी कुठल्या भागात जायचं हे अक्षरांनी ठरवलेलं. गोल फक्त दोघींना करता येतो, गोल शूटर आणि गोल अटॅक. सेंटर जवळजवळ सगळीकडे फिरते, पण दोन्ही टोकांच्या गोलवर्तुळांत तिला मज्जाव. गोलकीपरला स्वतःच्या टोकाचा एक तृतीयांश भाग, बस. रेषेपलीकडे पाय पडला की शिट्टी. शिवाय चेंडू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला थेट भिरकावता येत नाही, प्रत्येक भागात त्याला कुणाचा तरी हात लागलाच पाहिजे. त्यामुळे एकटीच्या जोरावर सामना ओढून नेणारी पोरगी इथे चालत नाही. तिला न्यायला जागाच नाही.

उंच मुलीला सर शूटर करतील किंवा गोलकीपर. गोलकीपर केलं तर नाराज होऊ नका. का, ते पुढच्या उत्तरात वाचा.

ही लिझ एलिस कोण? तिच्यात असं काय पाहिलंत, की पंचवीस वर्षं संघ घडवलेल्या बाईंना त्यानंतर कर्णधार कळली? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, टोमणा पोचला.

2007च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सिडनीला नणंदेकडे गेलो होतो. तिची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. घराच्या मागच्या अंगणात तिचा नेटबॉलचा खांब होता. दुसऱ्याच दिवशी तिने मला त्या खांबाखाली उभं केलं. नणंदेच्या शिवणकामाच्या टेपने तीन फूट मोजून फरशीवर खडूची रेघ ओढली आणि म्हणाली, ‘‘मामी, तू इथून पुढे यायचं नाही. इथूनच माझा चेंडू अडवायचा.’’ नियमच तसा आहे. जिच्या हातात चेंडू, तिच्या पायापासून तीन फूट लांब राहून अडवायचं. मग करायचं काय, तर एका पायावर बगळ्यासारखं उभं राहून सगळं अंग पुढे झोकायचं, हात डोक्यावर ताणायचे, आणि तोल सावरायचा. मी पन्नाशीची, अंगावर पंजाबी ड्रेस. तीन वेळा शेवंतीच्या कुंडीत गेले. चौथ्यांदा चेंडूला बोटं लागली आणि मला जो आनंद झाला, तो तालुक्याची ढाल जिंकल्यावरही झाला नव्हता.

त्याच सुट्टीत, नोव्हेंबरमध्ये, जागतिक स्पर्धेची अंतिम लढत टीव्हीवर पाहिली. ही स्पर्धा खरं तर फिजीमध्ये व्हायची होती, पण डिसेंबर 2006मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली आणि स्पर्धा न्यूझीलंडच्या ऑकलंडला हलली. म्हणजे ऑस्ट्रेलियाला न्यूझीलंडशी न्यूझीलंडच्याच घरात खेळायचं. न्यूझीलंडची शूटर आयरीन व्हॅन डाइक, सव्वासहा फुटांच्या आसपास उंच, मूळची दक्षिण आफ्रिकेची. आधी त्या देशाकडून खेळलेली आणि 2000मध्ये न्यूझीलंडला गेलेली. तिच्या हातात रिंगजवळ चेंडू आला की गोल धरूनच चालायचं. तिच्यासमोर ऑस्ट्रेलियाची गोलकीपर, सहा फुटांची लिझ एलिस. हीच कर्णधार.

सवयीप्रमाणे मी पहिली दहा मिनिटं चेंडूमागे नजर फिरवत होते. भाची वैतागली. ‘‘मामी, चेंडू नको बघू. तिला बघ.’’ मग मी तिला बघायला लागले. चेंडू पलीकडच्या टोकाला, ऑस्ट्रेलियाच्या शूटरकडे. तिथे गोल होणार की नाही, सगळ्या स्टेडियमचा श्वास अडकलेला. कर्णधार मात्र तिकडे जाऊच शकत नाही. ती आपल्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर उभी, बोटाने कुणाला तरी सरकवतेय. टीव्हीवर तिचा आवाज पोचत नव्हता, पण तोंड एक क्षण थांबत नव्हतं. मागून तिला सगळं कोर्ट दिसत होतं. कोण दमलीय, कुणाची जागा मोकळी पडलीय, समोरची कुठून पळणार. ऑस्ट्रेलिया 42–38 जिंकली. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव आणि न्यूझीलंडचे सगळे मिळून 38 गोल, तेही आयरीन समोर असताना. यात मागच्या बचावाचा वाटा किती, ते तुम्ही हिशेबाने काढा.

मी मात्र आयुष्यभर काय केलं? चढाई करणारी मुलगी कर्णधार. जिल्ह्याला एक वर्ष आमच्याकडे डाव्या कोपऱ्यात एक मुलगी होती, काळी, काटकुळी. ती चढाईला कधी जायची नाही, पण समोरची मुलगी मध्यरेषा ओलांडायच्या आधीच ओरडून साखळी नीट लावायची. उपांत्य फेरीत माझी कर्णधार पहिल्याच पाच मिनिटांत बाद होऊन बाहेर बसली आणि आत कुणी कुणाशी बोलेना. त्या कोपऱ्यातल्या मुलीने बोलायला सुरुवात केली, तर बाहेरून कर्णधार तिच्यावरच खेकसली, ‘‘तू गप्प बस, कॅप्टन मी आहे.’’ हरलो. गाडीत मी कोपऱ्यातल्या मुलीला ‘आगाऊपणा करू नकोस’ म्हणाले, हे माझं कर्म. ऑकलंडच्या त्या सामन्यात मला राहून राहून ती आठवत होती.

आता एलिसबद्दल थोडं. जन्म 1973चा, सिडनीच्या बाहेरच्या विंडसरचा. 1993मध्ये ऑस्ट्रेलियाकडून पहिल्यांदा खेळली. 1995, 1999 आणि 2007 अशा तीन जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या संघांत ती होती. राष्ट्रकुल स्पर्धेत नेटबॉल 1998ला क्वालालंपूरमध्ये पहिल्यांदा आला. ते सुवर्ण आणि 2002चं मँचेस्टरचं सुवर्णही तिच्या खात्यावर. सिडनी स्विफ्ट्स या तिच्या क्लबने 2001, 2004, 2006 आणि 2007 अशी चार वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. नुसती यादी वाचली तर वाटेल, हिने हरणं पाहिलंच नाही. पण 2003ला जमैकातल्या किंग्स्टनमध्ये, जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत, न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला 49–47 असं हरवलं, आणि पुढच्या वर्षी कर्णधारपद हिच्याकडे आलं. हरलेला संघ हातात घेणं आणि जिंकलेला घेणं, यातला फरक तुम्हा शिक्षकांना मी सांगायला नको. जिंकलेल्या वर्गाचं मॉनिटर कुणीही होतं.

ऑकलंडच्या त्या विजयानंतर ती थांबली. 122 कसोट्या. तोवर ऑस्ट्रेलियाकडून इतक्या कुणीच खेळलं नव्हतं.

आणि ती एकटी नाही. 2010मध्ये न्यूझीलंडची कर्णधार होती केसी विल्यम्स, बचावातली. 2014चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि 2015चा विश्वचषक जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाची कर्णधार लॉरा गाइट्झ, तीही बचावातली. 2018ला गोल्ड कोस्टवर राष्ट्रकुलच्या अंतिम लढतीत ऑस्ट्रेलियाला 52–51 असं हरवणाऱ्या इंग्लंडची कर्णधार अमा अगबेझी, पुन्हा बचावातलीच. त्या सामन्यात शेवटचा गोल हेलन हाउसबीचा, नाव तिचं झालं, ते योग्यच. माझं म्हणणं ओढूनताणून सिद्ध करायचं नाही. कॅटलिन बॅसेट शूटर असून ऑस्ट्रेलियाची कर्णधार होती आणि लिझ वॉटसन तर मधल्या फळीतली. पण सर, पुढच्या वर्षी संघ निवडताना एकदा मागच्या कोपऱ्याकडे बघा.

माझं वय वीस. कबड्डी खेळताना गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट फाटलं. सगळे म्हणतात, आता नोकरी बघ. (चंद्रपूर)

मी डॉक्टर नाही, त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही हे मला विचारू नकोस. ते हाडांच्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचार. मी तुला फक्त एकीचं उदाहरण देते, आणि ती वर आलेलीच आहे.

2005मध्ये एलिस बत्तीस वर्षांची होती, कर्णधार होती, आणि पुढच्याच मार्चमध्ये राष्ट्रकुल स्पर्धा तिच्याच देशात, मेलबर्नला होणार होती. न्यूझीलंडविरुद्ध खेळताना तिच्या गुडघ्याचं हेच लिगामेंट गेलं. नेटबॉलमध्ये ही दुखापत पाचवीला पुजलेली. पळत येऊन हवेत चेंडू घ्यायचा आणि उतरल्यावर जागच्या जागी थांबायचं, हा त्या खेळाचा नियमच. सगळा धक्का गुडघा खातो. ती मेलबर्नला खेळू शकली नाही. तिच्याविना संघ अंतिम फेरीत पोचला आणि न्यूझीलंडकडून 60–55 असा हरला. घरच्या मैदानावरची स्पर्धा आयुष्यात किती वेळा येते?

बत्तिसाव्या वर्षी थांबली असती तर कुणी नावं ठेवली नसती. ती परत आली, आणि वर सांगितलेला ऑकलंडचा सामना चौतिसाव्या वर्षी, दुरुस्त केलेल्या गुडघ्यावर खेळली. तुला तिच्याएवढं वय गाठायला अजून बारा वर्षं आहेत. घाई कशाची? नोकरी बघ, त्यात काही वाईट नाही. तीही नोकरी करून खेळत होती. पण नोकरी बघणं आणि खेळ सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझ्या घरचे त्या एका दमात बोलतायत.

एक मात्र बजावते. नऊ महिने सांगितले असतील तर सातव्या महिन्यात दहीहंडीला थरावर चढू नकोस. आमच्या गल्लीत एकाने नेमकं हेच केलं.

यात पैसा आहे का? स्पष्ट सांगा. (वडील, ठाणे)

स्पष्ट सांगते. भारतात मुलीने नेटबॉल खेळून घर चालेल अशी व्यावसायिक लीग मला दिसत नाही. खेळाडूंच्या आरक्षणात किंवा दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांत कोणती पातळी धरतात, हे निकष बदलत असतात. ते व्हॉट्सॅपवर वाचू नका, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन कागद बघा.

ऑस्ट्रेलियातही सोन्याच्या खाणी नव्हत्या. एलिस वकील होती. दिवसा कचेरी, संध्याकाळी सराव. पुढे मुलींसाठी नेटबॉलची शिबिरं घेणं हाच तिने व्यवसाय केला. 2008मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या क्लबांची एकत्र लीग सुरू झाली, तोवर ती निवृत्त झालेली. 2017पासून ऑस्ट्रेलियाची स्वतःची सुपर नेटबॉल लीग आहे आणि आता खेळाडू खऱ्या अर्थाने पगारदार आहेत. तरी 2023मध्ये जुना करार संपला, नवा होईना, आणि विश्वविजेत्या संघातल्या मुलीसुद्धा काही आठवडे बिनपगारी राहिल्या. तडजोड डिसेंबरात झाली, उत्पन्नातला वाटा मान्य झाल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी एका खाणकंपनीचं दीड कोटी डॉलरचं प्रायोजकत्व आलं होतं. कंपनीच्या संस्थापकाने पूर्वी आदिवासींबद्दल जे उद्गार काढले होते, त्यामुळे संघातल्या डोनेल वॉलम या आदिवासी खेळाडूला ते नाव अंगावर घालणं जड जात होतं. बाकीच्या जणी तिच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि कंपनीने पैसे काढून घेतले. पुढे दुसरा प्रायोजक मिळाला, पण तो मिळेल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? वॉलम त्याच महिन्यात देशाकडून पहिला सामना खेळली आणि विजयी गोल तिनेच केला.

तुम्ही पैशाचं विचारलंत, मी भलतीकडे गेले. उत्तर एवढंच, की मुलीला खेळू द्या आणि शिकू द्या. दोन्हींपैकी एक निवडायची वेळ अजून आलेली नाही.

भारताचा संघ कधी मोठ्या स्पर्धेत खेळलाय का? (कोल्हापूर)

हो. 2010च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये. आपली कर्णधार होती प्राची तेहलान, जी पुढे अभिनयात गेली. त्यागराज क्रीडा संकुलात सामने झाले, आणि तिथलीच अंतिम लढत जाणकार अजून आठवतात. दोनदा वाढीव वेळ देऊन न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला 66–64 असं हरवलं. शेवटचा गोल मारिया टुटाइयाचा. आपल्या देशात इतका भारी सामना झाला आणि आपल्या शाळांत त्याचा पत्ता नाही. पुढचा विश्वचषक 2027मध्ये सिडनीला आहे. नणंदेला मी आत्तापासून सांगून ठेवलंय.

मी सहावीत आहे. नेटबॉलला नाव दिलं तर मॅडम म्हणाल्या, नखं काप. आत्याच्या लग्नासाठी मी ती वाढवलीयत, मेंदीबरोबर छान दिसतात. कापायलाच हवीत का? (सांगली)

हवीत. 2011च्या मे महिन्यात मी पुन्हा सिडनीला होते आणि भाचीच्या शनिवारच्या सामन्याला गेले. कडाक्याची थंडी, गवतावर दंव, आणि माझ्या मांडीवर डब्यात कापलेल्या संत्र्यांच्या फोडी. तिथे मध्यंतराला सगळ्यांना संत्रंच देतात. खेळ सुरू व्हायच्या आधी चौदा मुली ओळीत उभ्या राहिल्या, दोन्ही हात पुढे करून, आपण प्रार्थनेनंतर स्वच्छतेची तपासणी करायचो तशा. पंचबाई प्रत्येकीच्या बोटांच्या टोकांवरून स्वतःचं बोट फिरवत गेल्या. एकीचं नख लागलं, तिला तिथल्या तिथे नेलकटर दिला. भाचीच्या हातात आजीने दिलेली काळ्या मण्यांची मनगटी होती, दृष्ट लागू नये म्हणून. ती काढून माझ्या पर्समध्ये आली आणि सामना संपेपर्यंत तिथेच राहिली. सात जणी इतक्या जवळून हात मारत असतात, की एका नखाने गाल फाटतो.

तुझ्या आत्याचं लग्न आधी आहे की सामना? लग्न आधी असेल तर मिरवून घे आणि दुसऱ्या दिवशी काप. सामना आधी असेल तर आजच काप. नखं महिन्याभरात परत वाढतात, आणि मेंदी तळहातावर काढतात.